पत्रा, झळ आणि सतरा भोके

आमची जीप १९९४ सालची महिंद्रा एमएम ५४० आहे. २११२ सीसीचे प्युजो डिझेल इंजिन, फोर-व्हील ड्राइव्ह, पुढे-मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि वर नंतर बसवून घेतलेला लोखंडी पत्र्याचा टॉप, एवढे सांगितले की ज्यांनी ही गाडी उन्हाळ्यात चालवली आहे त्यांना पुढचे सांगावे लागत नाही. शेती शहाद्याच्या बाजूला आणि कामे सातपुड्यातल्या धडगाव-तोरणमाळ या डोंगरी पट्ट्यात असल्यामुळे ही गाडी विकण्याचा विचार घरात कधी टिकला नाही. मात्र एप्रिल लागला की तिच्यात बसायला घरातले कोणी तयार होत नसे. पायाखालचा पत्रा चपलेतून चटके देई, डोक्यावरचा टॉप तव्यासारखा तापे आणि साठच्या वेगाला शेजारच्या माणसाशी बोलायचे तर खळ्यावरून हाक मारावी तसा आवाज काढावा लागे.

यात गाडीचा दोष काढण्यासारखे काही नाही. ही रचना मुळात कापडी हूडच्या, उघड्या जीपची आहे. तिच्यात अस्तर, फोम, छताचे कापड यांची अपेक्षाच नव्हती, कारण आवाज आणि उष्णता दोन्ही बाजूंनी निघून जात. आपण वर पत्र्याचा टॉप आणि बाजूला दारे बसवतो तेव्हा त्या उघड्या गाडीचा बंद डबा होतो, आणि इंजिनाची जी घरघर पूर्वी वाऱ्यावर जाई ती आत घुमू लागते. हा डबा राहण्याजोगा करण्यासाठी गेल्या तीन वर्षांत मी दोनदा पैसे खर्च केले, एकदा वाया आणि एकदा सार्थकी. त्या दुसऱ्या कामाचे, म्हणजे धुळ्यातील एका मिस्त्रींनी केलेल्या अस्तराच्या कामाचे हे परीक्षण आहे. पण पहिल्या फसगतीशिवाय त्याचे मोल कळणार नाही.

पहिल्या वेळी एका दुकानातून मी डांबरी शीट लावून घेतल्या. काळ्या, जाड, हाताला वजनदार लागणाऱ्या या शीट स्वस्त असतात आणि थंड मुलखात त्या वर्षानुवर्षे काम देतात. आमच्याकडे त्या पहिल्या मे महिन्यातच हरल्या. रस्त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मऊ होण्याचा बिंदू भारतीय मानकात किमान ४७ अंश धरला आहे. शीटमध्ये खडूची पूड वगैरे भर घालून तो वाढवतात हे खरे, पण स्वस्त मालात तो फार वाढत नसावा असे अनुभव सांगतो, आणि जळगाव-भुसावळकडे सावलीतला पारा ४५ अंशांपुढे जातो तेव्हा उन्हातल्या गाडीच्या टपाचा पत्रा सहज सत्तरीच्या घरात असतो. छतावरची एक शीट कडेने सुटली, लोंबली आणि तिचा काळा चिकट ओघळ मागे बसलेल्या सासऱ्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पडला. सदरा गेलाच, शिवाय पुढचे दोन महिने गाडीत नव्या डांबरी सडकेचा वास येत राहिला. शीट खरवडून काढायला जे लागले ते लावायला लागल्याच्या दुप्पट होते.

त्यानंतर एका मोठ्या ॲक्सेसरीजच्या दुकानात चौकशी केली. तेथे संपूर्ण गाडीला, म्हणजे तळ, दारे, छप्पर आणि इंजिनाकडचा पडदा (इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधला पत्रा) यांना चांदीच्या रंगाच्या ब्यूटाइल शीट लावण्याचे ३४,००० रुपये सांगितले आणि 'आवाज पण बंद, गरमी पण बंद' अशी खात्री दिली. खात्रीसाठी प्रयोगही दाखवला. एका पत्र्याच्या तुकड्याच्या निम्म्या भागाला शीट चिकटवलेली, मागून हॅलोजनचा दिवा. इन्फ्रारेड तापमापी उघड्या पत्र्यावर रोखली तर ७०, चांदीच्या भागावर रोखली तर ३६. बघणारे चकित होत होते. मला मात्र त्या ३६ चा संशय आला, कारण दुकानाच्या आतली हवाच तेवढी होती. काउंटरवर इलेक्ट्रिशियनची काळी टेप पडली होती. तिचा बोटभर तुकडा चांदीवर चिकटवला, मिनिटभर थांबलो आणि तापमापी टेपवर रोखली. आकडा ६३ आला.

कारण असे की ही तापमापी पृष्ठभागातून बाहेर पडणारे प्रारण, म्हणजे उष्णतेचे किरण, मोजते. चकचकीत ॲल्युमिनियममधून ते फार थोडे बाहेर पडते, आणि आपण मोजत असतो ते त्या आरशात दिसणाऱ्या भिंतीचे तापमान. शीट स्वतः पत्र्याइतकीच तापलेली असते. तिचा चकचकीत पृष्ठभाग आतल्या माणसाकडे कमी उष्णता फेकतो, एवढा फायदा जरूर आहे. पण त्यावर छताचे कापड टेकले की तोही जातो. काउंटरवरचा गृहस्थ खोटे बोलत होता असे मला वाटत नाही, त्याला त्या टेपचा खरोखरच अचंबा वाटला होता. तरीही ३४,००० रुपये त्या आकड्यावर द्यायची माझी तयारी नव्हती.

ब्यूटाइल शीट वाईट नसते, हे येथेच सांगितले पाहिजे. ज्या रबराच्या ट्यूब बनतात त्याच जातीचे हे चिकट रबर असते आणि वर ॲल्युमिनियमचा पातळ पापुद्रा असतो. पत्रा थरथरू लागला की रबर पत्रा आणि पापुद्रा यांच्यामध्ये ताणले-दाबले जाते आणि थरथरीची शक्ती त्यात किंचित उष्णतेच्या रूपाने जिरते. परातीवर चमचा मारला तर 'टण्ण' होते; परातीच्या पोटाला हा चौकोन चिकटवून मारला तर 'ठप्प' होते. तिचे काम एवढेच, आणि त्यासाठी पत्रा पूर्ण झाकण्याची गरज नसते. सपाट भागाच्या मधोमध तिसरा हिस्सा किंवा फार तर निम्मा झाकला की बहुतेक काम होते. उष्णता अडवणे हे तिचे कामच नाही. त्यासाठी हवा कोंडून धरणारे काहीतरी हवे.

धुळ्यात मुंबई-आग्रा महामार्गालगत ज्या मिस्त्रींकडे शेवटी काम केले, त्यांच्या दुकानावर नावाची पाटीसुद्धा नाही. भिंतीवर 'सीट कव्हर, मॅटिंग' एवढेच रंगवले आहे. त्यांचा मुख्य धंदा केळीच्या आणि कांद्याच्या ट्रकच्या केबिनना अस्तर लावण्याचा आहे. ट्रकचालक रात्रंदिवस इंजिनाच्या कुशीत बसून दिल्लीपर्यंत जातात, त्यामुळे काय टिकते आणि काय सुटते याचा हिशेब या माणसाजवळ तोंडपाठ आहे. मी शीटचा विषय काढल्यावर ते म्हणाले, "आप्पा, आवाज पत्रामाईन कमी येस, भोकमाईन जास्ती येस." म्हणजे पत्र्यातून कमी, भोकांतून जास्त. आणि दाखवतो म्हणून संध्याकाळी साडेसहाला गाडी घेऊन बोलावले.

अंधार पडताच त्यांनी बॉनेटखाली दोनशे वॅटचा बल्ब पेटवून ठेवला, बॉनेट लावले, सगळ्या गाडीवर ताडपत्री टाकली आणि मला आत बसवले. डोळे सरावल्यावर समोरच्या पत्र्यात चांदण्या दिसू लागल्या. स्टिअरिंगच्या दांड्याभोवती चंद्रकोरीएवढी फट, वायरिंगच्या जुडग्याजवळचे रबर सुकून निघून गेलेले, स्पीडोमीटरच्या केबलचे भोक तिप्पट मोठे, पेडलांजवळ बोट जाईल एवढी जागा, आणि कधीकाळी कोणी तरी हॉर्न, रेडिओ, जादा दिवे बसवून काढून टाकलेले, त्यांची स्क्रूची भोके. मोजली तर सतरा भरली. गिअर लिव्हरचे रबरी बूट फाटलेले होते, ते वेगळेच. हा प्रयोग घरीही करता येतो आणि त्याला खर्च काहीच नाही. जुनी जीप बाळगणाऱ्या प्रत्येकाने कोणतीही शीट विकत घेण्याआधी तो करावा असे मी आग्रहाने सांगेन. ध्वनिशास्त्राचा साधा हिशेब त्याच्या बाजूचा आहे. पडद्याचा शंभरावा भाग जरी उघडा राहिला तरी उरलेला पडदा कितीही जाड असो, तो आवाज २० डेसिबलपेक्षा जास्त अडवू शकत नाही. शिवाय त्याच भोकांतून इंजिनाची तापलेली हवा पायांवर येत असते, म्हणजे भोकात बसणाऱ्या एका रबरी कड्याने, ग्रोमेटने, दोन्ही तक्रारींवर एकदम उपाय होतो.

काम दोन दिवस चालले. पहिला पूर्ण दिवस चिकटवण्यात गेला नाही, साफ करण्यात गेला. सीट, मॅट, डांबराचे उरलेले डाग, जुना रंग असे सगळे काढून तळाचा गंज तारेच्या ब्रशने घासला, त्यावर प्रायमर मारला आणि तो वाळेपर्यंत मिस्त्रींनी दुसऱ्या गाडीला हात लावला. मी घाई केली तेव्हा त्यांनी सांगितले की गंजावर लावलेली शीट म्हणजे गंजाला घातलेले पांघरूण होय. तळातली पाणी निघून जाण्याची भोके त्यांनी खडूने खूण करून मोकळी ठेवली. बुजवायची भोके कोणती आणि ठेवायची कोणती हा विवेक सगळ्यांकडे नसतो. दारांच्या खालच्या कडेची बारीक भोके बुजवलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत आणि त्यांची दारे तीन पावसाळ्यांत खालून चाळणी झालेलीही पाहिली आहेत.

मग थर आले. इंजिनाकडच्या पडद्यावर आतून पूर्ण ब्यूटाइल, तळावर निम्म्या भागात, दारांच्या बाहेरच्या पत्र्यावर आतून मधोमध आणि टपावर सुमारे चाळीस टक्के. प्रत्येक तुकडा लोखंडी रोलरने दाबून बसवला; पापुद्र्यावरचे उठावाचे ठसे सपाट होईपर्यंत रोलर थांबत नसे. त्यावर १० मिलिमीटर जाडीचा नायट्रिल रबराचा फोम, जो मोठ्या एसीच्या पाइपांना गुंडाळतात तोच. याच्या आतले हवेचे कप्पे एकमेकांपासून बंद असतात, म्हणून हा फोम पाणी पीत नाही. गादीचा साधा फोम मात्र पहिल्याच पावसात स्पंजासारखा फुगतो आणि पत्र्याला वर्षभर ओला ठेवतो. मिस्त्रींनी फोमचा एक तुकडा माझ्यासमोर लायटरने पेटवून पाहिला. ज्योत काढताच तो विझला. पायाखाली या फोमवर चौरस मीटरला सुमारे पाच किलो वजनाची जड विनाइल मॅट अंथरली. आवाज अडवायला शेवटी वजनच लागते. वजन दुप्पट केले तर साधारण ६ डेसिबल जास्त अडतात, आणि मॅट पत्र्याला थेट न चिकटता फोमवर तरंगत असेल तर वरच्या पट्टीचे आवाज त्याहूनही जास्त अडतात.

सायलेन्सरच्या वरच्या तळाचा उपाय सगळ्यांत स्वस्त होता आणि सगळ्यांत जास्त गुण त्याचाच आला. गाडीखालून, तळाचा पत्रा आणि सायलेन्सर यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा साधा पत्रा १२ मिलिमीटरचे वॉशर घालून स्क्रूने टांगला. चकचकीत बाजू सायलेन्सरकडे आणि दोन्ही अंगांनी हवा खेळती. येथे चांदीचा रंग खरोखर कामाचा, कारण समोर उघडी हवा आहे आणि परतवायला प्रारण आहे. याचे साहित्य ६५० रुपयांचे.

छताचे कापडही फोमला चिकटवले नाही, तारांवर ताणून बसवले, म्हणजे वर बोटभर हवेचा थर राहिला. आमच्या जुन्या धाब्याच्या घराची येथे आठवण होते, पण तुलना जपून करावी. धाब्याचे छप्पर मातीच्या जाडीमुळे दुपारची उष्णता आत पोहोचायला संध्याकाळ करते. गाडीच्या टपाला तेवढी माती पेलणार नाही, तेव्हा तेथे हवेवरच भागवावे लागते. त्याच आठवड्यात मी टपाचा गडद हिरवा रंग बदलून पांढरा मारून घेतला. हे मिस्त्रींचे काम नव्हते, पण छतावरच्या निकालात या रंगाचा वाटा फोमइतकाच असावा, म्हणून लपवून ठेवत नाही.

आता आकडे. हे माझ्या फोनचे आणि माझ्या तापमापीचे आहेत. तुलनेला पुरेसे, प्रयोगशाळेचे नव्हेत. मागच्या मे महिन्यात दुपारी दोनला उन्हात उभ्या गाडीच्या टपाचा आतला पत्रा ६७ अंश होता. या मे महिन्यात त्याच वेळी छताचे कापड ४६ होते, बाहेर ४३. चाळीस किलोमीटर चालवल्यावर सायलेन्सरवरचा तळ ६४ होता, आता मॅटचा वरचा भाग ४३. ताशी ६० किलोमीटरला आवाज ८७ डेसिबलवरून ८० वर आला, जागेवर उभ्या इंजिनाचा ७४ वरून ६९ वर. कानाला १० डेसिबलची घट म्हणजे आवाज निम्मा झाल्यासारखे वाटते, त्यामुळे ७ ची घट ही चैन नसली तरी बोलणे शक्य करणारी आहे. शहादा ते तोरणमाळ घाट चढताना मागे बसलेल्या आईने पुढच्या माणसाला पाणी मागितले आणि ते पहिल्याच हाकेला ऐकू गेले.

मात्र ताशी ८० ला फरक जेमतेम ३ डेसिबलचा आहे. त्या वेगाला दारांच्या फटींतला वारा आणि जाड नक्षीच्या टायरांची गुणगुण वरचढ होते आणि त्यावर या अस्तराची मात्रा चालत नाही. इंजिनाची खोल धडधडही पुरती गेलेली नाही. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला २४०० फेऱ्यांवर सेकंदाला ८० वेळा पेटते. ८० हर्ट्झच्या आवाजाच्या लाटेची लांबी चार मीटरपेक्षा जास्त, तिला बोटभर फोम काय अडवणार? ती कमी झाली ती इंजिनाची जुनी, दगडासारखी कडक झालेली माउंटिंग रबरे आधी बदलल्यामुळे. हा सल्लाही मिस्त्रींचाच, आणि ते काम त्यांनी दुसऱ्या मेकॅनिककडे पाठवले, स्वतः कमिशन न घेता.

उष्णतेचीही एक मर्यादा सांगतो. माझ्या गाडीत एसी नाही. काचा उघड्या ठेवून चालवताना ४४ अंशांची झळ आत येते तेव्हा कोणताही फोम काही करू शकत नाही. थांबले आहे ते डोक्यावरून आणि पायाखालून भाजणे. दोन तास उन्हात उभी गाडी अजूनही तापते, कारण समोरच्या काचेतून ऊन येतच असते. फक्त दारे उघडून दहा मिनिटे चालवली की आता ती निवते, पूर्वी निवत नसे.

खर्च असा झाला : ब्यूटाइल शीट ४५ चौरस फूट ४,९५० रुपये, नायट्रिल फोम ६० चौरस फूट २,४०० रुपये, विनाइल मॅट ३,००० रुपये, ग्रोमेट, बूट आणि दारांचे बीडिंग (कडेची रबरी पट्टी) मिळून १,३५० रुपये, ॲल्युमिनियमचा पत्रा ६५० रुपये आणि मजुरी ४,५०० रुपये, एकूण १६,८५० रुपये. गाडीचे वजन सुमारे २८ किलोंनी वाढले. पैशांची ओढाताण असेल तर मी ग्रोमेट-बूट-बीडिंग, सायलेन्सरवरचा पत्रा आणि तळाचा फोम-मॅट एवढेच आधी करा म्हणेन, टप नंतर. दारांवरच्या शीटचा मला फारसा उपयोग जाणवला नाही, दार लावताना 'ठप्प' असा भारदस्त आवाज येतो एवढेच. ते पैसे वाचवले तरी चालतील.

दुकानाच्या उणिवाही आहेत. बिल कच्चे मिळाले, पक्के मागितल्यावर आठवड्याने आले. छताच्या कापडाचा रंग मी राखाडी सांगितला होता, लागला तो बदामी, आणि गाडी न्यायला गेलो तेव्हाच कळले. मागच्या दाराचे बीडिंग वाढीव लांबीत मिळत नाही म्हणून दोन तुकड्यांत जोडले आहे, तो सांधा डोळ्याला खुपतो. गाडी शांत झाल्यावर पूर्वी न ऐकू येणारी कटकट ऐकू येऊ लागली आणि मी ती मिस्त्रींच्या माथी मारायला निघालो होतो. तपासल्यावर मागच्या प्रोपेलर शाफ्टचा (मागच्या चाकांकडे गती नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस, म्हणजे सांधा, झिजलेला निघाला. तो दोष त्यांच्या कामाचा नव्हता.

ऑगस्टमध्ये सातपुड्यातला पाऊस आठवडाभर अंगावर घेतल्यानंतर मी मुद्दाम सगळ्या मॅट उचलून पाहिल्या. तळ कोरडा होता, प्रायमर जसाच्या तसा होता. फक्त क्लचच्या पेडलाजवळ तळहाताएवढी ओल सापडली. धुळ्याला गेलो. मिस्त्रींनी पुन्हा तोच दोनशे वॅटचा बल्ब लावला, ताडपत्री टाकली, स्वतः आत बसले आणि ग्रोमेटची एक कड उलटी बसल्याचे शोधून काढले. अर्ध्या तासाचे काम झाले. त्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत, आणि निघताना बदामी कापड बदलून हवे असेल तर दिवाळीनंतर यायला सांगितले.